तिसऱ्या भागाची शेवटची पानं

मी नऊ वर्षांची असताना वडिलांची बदली जयपूरला झाली. त्याच वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. माझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती. नव्या बाईंना मी काहीच म्हणत नसे. "ऐकलंत का?" म्हणून वेळ मारून न्यायची.

साताऱ्याहून मी माझ्या आईने घेतलेली चार पुस्तकं आणली होती. एकाच गोष्टीचे चार भाग. डोंगरातली एक चेटकीण कुणालाच नको असलेली मुलं घरी आणते, त्यांना वाढवते, त्यांच्यासाठी राक्षसांशी भांडते. तिला जादू येते, पण स्वयंपाक धड येत नाही. मला सगळ्यांत आवडायची ती नदीने परत पाठवलेली मासोळी-मुलगी. चौथा भाग संपला की मी पुन्हा पहिला काढायची. शाळेत सगळं हिंदीत चालायचं. मराठी वाचायला माझ्याकडे तेवढंच होतं.

"या पुस्तकांना कुणी हात लावायचा नाही," असं मी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. "कुणी" म्हणजे कोण, ते घरात सगळ्यांना कळलं.

चांदपोलजवळच्या आमच्या भाड्याच्या घरात भिंतीतच एक लाकडी कपाट होतं. पुस्तकं त्यात असायची. एका दिवाळीच्या सुट्टीत मी कपाट उघडलं, तर आतून मातीच्या रेषा वर चढलेल्या. वाळवी! तीन भाग बचावले होते. तिसऱ्याची शेवटची सात-आठ पानं मात्र चाळणी झाली होती. मी एवढी रडले की खालून घरमालकीणबाई धावत आल्या. "मुन्नी, क्या हुआ?"

नव्या बाई पुढे आल्या. त्यांनी पुस्तक उन्हात धरून झटकलं आणि आत नेलं.

दोन दिवसांनी ते माझ्या उशीवर होतं. वहीची रेघांची पानं कापून, सुई-दोऱ्याने शिवून आत बसवलेली. त्यावर त्यांच्या गोल अक्षरात गोष्टीचा शेवट लिहिलेला. मासोळी-मुलगी भिजलेली दारात येते, चेटकीण तिला गरम पेज देते, ती चुलीपाशी झोपते. मला आठवत होता तसाच.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

त्या ओशाळल्या. "दुपारी वाचायचे. तू शाळेत असताना. हात धुऊनच घ्यायचे हं."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. इथं दुपारी बोलायला कोण आहे मला?"

त्यानंतर आम्ही दोघी मिळून वाचू लागलो. आमेरला सहलीला गेलो तेव्हा किल्ल्याचा एक बुरूज आम्ही चेटकिणीचं घर म्हणून ठरवून टाकला. वडील म्हणाले, "दोघींचं डोकं फिरलंय." नव्या बाईंना मी आई कधी म्हणू लागले, ते आठवत नाही. अहो-जाहो सुटलं, तेही कळलं नाही.

लग्नानंतर मी पुण्याला गेले. पहिल्या बाळंतपणासाठी जयपूरला यायच्या आधी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला तिसरा भाग मिळाला, अख्खा. तिथेच उभ्या उभ्या मी शेवट वाचला. पेज पिऊन झाल्यावर मासोळी-मुलगी वाटी पुढे करते आणि पहिल्यांदाच म्हणते, "आई, अजून वाढ." हे वाक्य मी पार विसरले होते.

घरी आल्यावर मी ते पान आईपुढे धरलं. ती मटार सोलत होती.

"हे तुझ्या लिहिण्यातून सुटलं होतं."

"सुटलं नव्हतं," ती म्हणाली. "तू तेव्हा मला काहीच म्हणत नव्हतीस. त्या पोरीच्या तोंडून तुला शिकवायचं, हे मला बरं वाटेना."

तिने माझ्यापुढे मूठभर शेंगा सारल्या.

"आणि खरं सांगू? पुस्तकातली पेज खारट होती. मी गूळ घातला. तुला गोड आवडायची."

मुलगी झाल्यावर मी तीन महिने तिथेच होते. दुपारी आई पाळण्याशी बसून चारही भाग मोठ्याने वाचायची. बाळाला काय कळणार! तिसऱ्याच्या शेवटी ती छापलेली पानं वाचायची की स्वतःची, ते मला सांगता येणार नाही. तोवर मलाच झोप लागलेली असायची.