रशियातली सवत

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा बाहेरच्या खोलीत एकच तसबीर होती. टक्कल, टोकदार दाढी, किलकिले डोळे. सासरचं कुणी वडीलधारं असेल असं समजून मी पदर सावरून नमस्कार केला. हे मोठ्यानं हसले. "अगं, हा रशियातल्या क्रांतीचा पुढारी!"

हे शाळेत मास्तर होते. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. रविवारी संध्याकाळी कामोठ्याकडच्या मिठागरांवरची माणसं आणि आसपासचे शेतकरी आमच्या पडवीत जमत आणि हे त्यांना त्या पुढाऱ्याचं चरित्र थोडं थोडं सांगत. थोरल्या भावाला झारनं फासावर दिलं तेव्हा हा शाळकरी पोर होता. पुढं तुरुंगात पावाची दौत करून दुधानं गुप्त मजकूर लिहायचा. पहारेकरी आला की दौत गिळून टाकायचा. हे सांगताना यांचा चेहरा जसा उजळायचा, तसा माझ्याशी बोलताना उजळलेला मी पाहिला नव्हता.

तेही एक वेळ सोसलं असतं. माझा जळफळाट व्हायचा तो त्याच्या बायकोवरून. सैबेरियात हद्दपार केलेल्या माणसाशी लग्न करायला ती तिथल्या बर्फात गेली. त्याची गुप्त पत्रं तिनं सांभाळली, परदेशात भाड्याच्या खोल्यांतून त्याच्याबरोबर फिरली. "सोबतीण असावी तर अशी," हे सगळ्यांदेखत म्हणायचे, आणि मी त्याच सगळ्यांसाठी आत चहा गाळत असायची.

एकदा कप ठेवता ठेवता मी विचारलं, "तिला स्वयंपाक यायचा का हो?"

"फारसा नाही. तिची आई असायची ना त्यांच्याबरोबर."

"मग माझ्याही आईला आणा इथं!"

पडवीत हशा पिकला. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मी त्या चरित्राचं पुस्तक फळीवरून काढलं. शिकायचं म्हणून नव्हे. दोघांपैकी कुणाची तरी खोट सापडावी म्हणून. अडखळत वाचत गेले. त्याची सापडली. सत्ता हाती येताच त्यानं जमीन शेतकऱ्यांना दिली, पण यादवी पेटल्यावर त्याच शेतकऱ्यांच्या कोठारातलं धान्य बंदुका रोखून नेलं. विरोध करणारे तुरुंगात गेले, कित्येकांना गोळ्या घातल्या. हा भाग आमच्या पडवीत कधी आलाच नव्हता. तिच्यात मात्र काही सापडेना, म्हणून मी आणखीच चिडले.

मग एका रविवारी हे हिवतापानं अंथरुणाला खिळले. आज मास्तर बोलणार नाहीत, असं सांगायला मी बाहेर गेले, तर मिठागरावरची एक म्हातारी म्हणाली, "येवढं चालून आलो, तर तुमीच सांगा वयनी."

मी सांगितलं. धान्याचंही सांगितलं, गोळ्या घातल्याचंही. एक शेतकरी ताडकन उठला. "आमचा भात असा नेला असता त आमी गप बसलो नसतो!"

"तेही नाही बसले," मी म्हटलं. "शेवटी त्याला धोरण बदलावं लागलं. कर भरून उरलेलं धान्य बाजारात विकायची मोकळीक द्यावी लागली."

मग त्याचं आजारपण सांगितलं. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली, तेव्हा बायकोनं त्याला लहान मुलासारखा एकेक शब्द पुन्हा शिकवला. तो वारल्यावर, पुतळे उभारू नका, शाळा आणि पाळणाघरं बांधा, अशी तिनं विनवणी केली. पण राज्यकर्त्यांनी त्याचा देह काचेच्या पेटीत ठेवला.

"बायकोचा आयकला नाय?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

ती बराच वेळ चुकचुकत राहिली.

आत गेले तर हे ताप अंगात असतानाही उठून बसलेले. "माझ्याच पडवीत त्याला खुनी ठरवलंस!"

"पुस्तक तुमचंच आहे," मी म्हटलं.

काही दिवस अबोला होता. बरे झाल्यावर हे पुन्हा पडवीत बोलायला बसले, तर म्हातारीनं मधेच विचारलं, "वयनी कुठं हायत?" आणखी दोघंतिघं आत डोकावले. यांचा चेहरा असा पडला की मला आतून गुदगुल्या झाल्या.

"या बाईसाहेब," हे कडवटपणे म्हणाले, "तुम्हालाच ऐकायचंय यांना."

मी हात पुसत बाहेर येऊन बसले. तेव्हापासून आम्ही दोघंही सांगू लागलो. हे क्रांती सांगत, मी त्यानंतरचं राज्य. माझ्या बोलण्यावर लोकांनी प्रश्न विचारले की हे उगाच खाकरत. एकदा सगळे गेल्यावर सतरंजी झटकता झटकता म्हणाले, "निदान त्यालाही मारेकऱ्याच्या गोळ्या लागल्या होत्या, एवढं तरी सांगत जा."

"सांगेन," मी म्हटलं, आणि सतरंजीचं दुसरं टोक धरलं.