एदोचं शेवटचं वाक्य

शेफिकाने व्हिएन्नात तीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करून दिल्या, पण स्वतःची जीभ म्हणून कधी आखूड केली नाही. सारायेवोहून आली तेव्हा सोबत एक बॅग होती आणि धाकट्या भावाचे, एदोचे विनोद. एदो तिकडे, युद्धात शहराला पडलेल्या वेढ्यातच गेला.

झाउनर तिचं गिऱ्हाईक, कादंबऱ्या लिहिणारे. सहा महिने तिच्या दुकानात स्टुलावर बसून त्यांनी तिची कॉफी ढोसली आणि तिचं युद्ध लिहून घेतलं. पुस्तक आलं. शब्दकोश मांडीवर घेऊन शेफिका नवव्या प्रकरणापर्यंत पोचली आणि तिचं टाळकंच सरकलं. तिथे एदो बर्फात पडून म्हणत होता, "युरोपा, तू कुठे आहेस?"

आता अशा माणसाने तिच्याकडेच पँट टाकावी का? पण वाचनाच्या कार्यक्रमासाठी झाउनर नवी काळी पँट घेऊन आले, आणि तिने त्यांना धरलंच.

"अहो, फुटबॉल सोडला तर एदोने युरोपचं नाव कधी घेतलं नाही! आणि बर्फ कुठला? जुलै होता जुलै!"

"बाई, त्याचं खरं वाक्य वाचलं तर लोक हसतील."

"हसू दे की! त्याने जन्मभर दुसरं काय मागितलं?"

"युद्धात हसलेलं इथल्या वाचकांना झेपत नाही हो."

"बरं," शेफिका म्हणाली. ती इतक्या लवकर 'बरं' म्हणते तेव्हा जपून राहावं, पण झाउनरांना कुठलं कळायला! पँट मापाला धरण्यापुरते कच्चे टाके तिने घातले, वरून कडक इस्त्री फिरवली आणि तशीच देऊन टाकली.

वाचनालयात टेबल, पाण्याचा ग्लास आणि साठ गंभीर चेहरे. झाउनर पायरी चढले आणि पँटचा उजवा पाय सुटून बुटावर लोळू लागला. पहिल्या रांगेतून शेफिका सुईदोरा घेऊन उठली.

"बसा, बसा. तुम्ही वाचा, मी पक्का टाका घालते."

ती त्यांच्या पायाशी बसली. वाचन नवव्या प्रकरणाशी आलं. "बर्फात..." घोट्याजवळची सुई थांबली. झाउनरांनी खाली पाहिलं. शेफिका गालात हसत होती, पण डोळे भरले होते. त्यांनी पुस्तक मिटलं.

"जुलै होता," ते म्हणाले. "एदो पाण्याचे दोन कॅन घेऊन चढ चढत होता. डोंगरावरून गोळी आली, कॅनला भोक पडलं. तो वर बघून ओरडला, 'अरे मेल्या, डोळे फुटले का तुझे? मारायचं तर मला मार, पाणी कशाला सांडतोस?'"

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच. शेफिकाही पोट धरून हसली.

"आणि त्या मेल्याने पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकलं," ती म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला.