मार्टिनने निवडलेली रायफल

मार्टिन रायफल आधी डोळे मिटून बघायचा. दुकानदाराने हातात दिली की आत गोळी नाही याची खात्री करायची, मग डोळे मिटून गोळी भरायचा बोल्ट चार-पाच वेळा मागेपुढे सरकवायचा आणि कान देऊन ऐकायचं. "डोळे लाकडाच्या प्रेमात पडतात," तो म्हणायचा, "म्हणून त्यांना शेवटी विचारायचं."

आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावात आमच्या वसाहतीमागे त्याची छोटी शेती होती. वय बहात्तर, जंगलखात्यातून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लिमरिकला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, पण तिथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, त्यामुळे लिहितानाही एकेरीच येतो. मी घरून काम करायचो आणि दुपारी पाय मोकळे करायला त्याच्या कुंपणावरून जायचो. एकदा त्याने हरणाच्या मांसाचं पुडकं माझ्या हातात ठेवलं. माझ्या बायकोने, अनघाने, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून त्याचा रस्सा केला आणि डबाभर त्याला पाठवला. घाम पुसत, नाक ओढत त्याने तो संपवला. म्हणाला, "ग्रँड." यापेक्षा वरची दाद त्याच्याकडे नव्हती.

त्याने लावलेली रोपं हरणं खाऊन टाकायची. थंडीत तो स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरावर शिकारीला जायचा, आणि मीही हळूहळू मागे जाऊ लागलो. वर्षभराने मी शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि स्वतःची रायफल घ्यायचं ठरवलं. घराचा हप्ता आणि मुलीचं पाळणाघर यातून उरेल तेवढ्यात रायफल, नेम धरायला तिच्यावर लावायची दुर्बीण आणि कायद्याने लागणारं लोखंडी कपाट बसवायचं होतं. म्हणजे जुनीच घ्यावी लागणार होती.

दुकानात मार्टिनने तासभर घालवला. नळीत उजेड टाकून आतली चमक पाहिली. नळीच्या तोंडावर नख फिरवलं. स्क्रूची डोकी झिजली आहेत का ते बघितलं. "स्क्रू झिजलेले असले तर समजायचं, मालकाला स्वस्थ बसवत नव्हतं." शेवटी त्याने एक रायफल काढून ठेवली. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, त्यावर ओरखडे, कुणीतरी चिकटपट्टी लावून काढल्याच्या खुणा. मी बघतच राहिलो.

"ही?"

"ही. उरलेले सगळे पैसे काचेत घाल. रायफल दहा वर्षं जुनी चालते, दुर्बीण स्वस्तातली चालत नाही."

विचार करून सांगतो, असं म्हणून आम्ही निघालो. शनिवारी मी एकटाच परत गेलो. भिंतीवर अक्रोडाच्या लाकडाची, नक्षीदार दस्त्याची एक रायफल होती आणि पहिल्या दिवसापासून ती माझ्या मनात बसली होती. तिच्यासाठी पैसे मोजल्यावर दुर्बिणीसाठी फारसं काही उरलं नाही. जी मिळाली ती घेतली. दुकानातच फोटो काढून कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून धडाधड अंगठे आले. मार्टिनला सांगितलं, "ती काळी विकली गेली होती."

त्याने फोनवरचा फोटो जरा लांब धरून पाहिला. मग म्हणाला, "हीही छान दिसते."

परवाना आल्यावर त्याने गोठ्यामागे लाकडी फळीवर कागद लावून माझा नेम बसवून दिला. गोळ्या जागेवर लागल्या. तरी तो म्हणाला, "या काचेवर माझा विश्वास नाही. डोंगरावर जायच्या आधी दर वेळी दोन गोळ्या इथे मारायच्या. फळी बघायची आणि मगच निघायचं."

डिसेंबरात एका सकाळी आम्ही निघालो. दोन दिवस आधी गाडीच्या डिकीतून माझी रायफल दगडी फरशीवर आपटली होती. लाकडाचा टवका उडाला नाही ना, एवढंच मी पाहिलं होतं, दुर्बीण नाही.

"फळीवर मारून बघितलंस?" त्याने गाडीत बसताना विचारलं.

"हो," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

दुपारी लावलेल्या जंगलाच्या कडेला एक हरणी उभी दिसली. अंतर फार नव्हतं, वारा नव्हता. मी नेम धरून बार काढला. ती मागच्या पायांवर खचली, उठली आणि झाडांत घुसली. गोळी नेमापेक्षा हातभर तरी मागे लागली होती. दहा मिनिटं थांबायला लावून मार्टिन पुढे झाला. वाळलेल्या नेच्यांवर रक्ताचा एखादा थेंब दिसायचा, मग बराच वेळ काही नाही. कमरेचं दुखणं असलेला तो माणूस झाडांच्या खालून गुडघ्यांवर सरकत होता. मी मागे, हातात ती सुंदर रायफल घेऊन. अडीच तासांनी हरणी एका चरात सापडली. जिवंत होती, मान वर करून आमच्याकडे बघत होती.

"सॉरी नाऊ, मिसेस," मार्टिन म्हणाला. शेजारणीला वाट मागावी इतक्या हळू. मग त्याने आपल्या रायफलीने तिला सोडवलं.

परतताना हरणीचे पुढचे पाय त्याने धरले. मागचे मी.

तीन आठवडे मी त्याच्या कुंपणाकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी सकाळी गेलो आणि त्याच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काळी रायफल विकली गेली नव्हती. फळीवर मी मारून पाहिलं नव्हतं. रायफल पडली होती.

त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "माहीत होतं. काळी अजून पडून आहे, तुझ्या मित्राला हवी आहे का, असा युअर मॅनचा फोन आला होता." युअर मॅन म्हणजे तो दुकानदार. तिथे कुणाही तिसऱ्या माणसाला असंच म्हणतात. "आणि त्या सकाळी दूध काढून झाल्यावर मी फळी बघितली होती. नवं भोक नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने स्वतःच्या कपात दूध ओतलं. "तुला इथे जो तो तपासतो. ऑफिसात कागद मागतात, पोलीस ठाण्यात गार्ड मागतात, परवान्यासाठी दहा प्रश्न विचारतात. मला आणखी एक तपासणारा व्हायचं नव्हतं. म्हटलं, शेजारी आहे, हो म्हणाला म्हणजे हो." मग म्हणाला, "चुकलं माझं. तुझ्या मनाला लागू नये म्हणून मी गप्प बसलो, आणि भोगलं तिने. ती हरणी अर्धी माझी."

त्याने माझ्यावर ओरडायला हवं होतं. तो ओरडला नाही. महिन्याभरात त्याने स्वतःची रायफल विकली. कमरेचं निमित्त सांगितलं. मीही माझी परत केली, पण त्याने काही फिटलं असं वाटलं नाही.

गेल्या वसंतात मार्टिन लिमरिकला मुलीकडे वारला. मी गाडी घेऊन गेलो. शवपेटीजवळ घरची माणसं उभी होती आणि लोक रांगेने हात मिळवत पुढे जात होते. माझी पाळी आल्यावर मुलीने हात धरून ठेवला.

"तुम्हीच ना, बाबांबरोबर डोंगरावर जाणारे? ते सांगायचे, त्यांच्या हलगर्जीपणामुळे एका हरणीचे हाल झाले. आणि तुम्ही कुणाजवळ कधी एका शब्दाने बोलला नाहीत. त्यांना तुमचं फार वाटायचं."

खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मागे मोठी रांग होती. शेजारी तिचा नवरा माझं बोलणं ऐकायला थोडा पुढे झुकला होता.

"तुमच्या दुःखात सहभागी आहे," मी म्हणालो, आणि पुढच्या माणसाचा हात हातात घेतला.