ठोकेमिस्त्री लेकीसाठी गाडी बघतात

ठोकेमिस्त्रींना हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते चुकीचं आहे म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. ठोकणं हा त्यांचा धंदा आणि ठोकणं हाच त्यांचा स्वभाव. कलिंगड घ्यायचं ते ठोकून, भाड्याची खोली घ्यायची ती भिंती ठोकून. लग्नाआधी पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा बोलता बोलता त्यांनी सासऱ्यांच्या पाठीमागचं कपाट ठोकलं आणि म्हणाले, "आतून पोकळ आहे." सासऱ्यांना ते आपल्याबद्दलच वाटलं. वर्षभर ते जावयाशी बोलले नाहीत.

अपघातात चेपलेल्या गाड्या मिस्त्री सरळ करत. वळणाच्या पुढे पत्र्याच्या छपराची लांबोडकी शेड होती, तिथं या गाड्या साखळीला बांधून, फरफटत आणल्या जात. गाडी दारातून आत येईपर्यंत मिस्त्रींनी तिची सगळी कहाणी वाचलेली असायची. स्टिअरिंग छातीवर बसलंय की पोटात घुसलंय, काच डोक्यानं फुटलीय की दगडानं, मागं बसलेला पुढं आला की बाहेर गेला. पुढच्या काचेतून ते चिमट्यानं केस काढत. एकदा मधल्या खाचेतून दात निघाला. तो त्यांनी कागदात गुंडाळून मालकाला दिला, तर मालक म्हणाला, "माझा नाही हो." मग तो कुणाचा, हे विचारायचं दोघांनीही टाळलं.

शेडच्या मागच्या अंगाला त्यांची बायको फाटलेल्या सीटा शिवायची. नवीन लग्न झालेल्या पुतणीला तिनं संसाराचा म्हणून जो एकच सल्ला दिला तो असा होता: "रक्त नेहमी थंड पाण्यानं धुवायचं. गरम पाणी घातलंस की बसलंच कायमचं."

अशा ठिकाणी वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात मऊ कसा राहणार? मिस्त्रींचा हात पटकन उठायचा. "थोडंसं घासलंय, लवकर करून द्या," असं म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या बंपरात सायकलीचं पायडल अडकलेलं होतं. मिस्त्रींनी आधी पायडल काढलं, मग गिऱ्हाइकाला काढलं. तो उंबऱ्याबाहेर पालथा पडला होता आणि मिस्त्री त्याला विचारत होते, "सायकल कुणाची होती? पोर होतं का? बोल."

मात्र काम त्यांचं सोन्यासारखं. वेल्डिंगची शिवण संपली की हातोडीच्या निमुळत्या टोकानं ते शेवटी तीन हलके ठोके द्यायचे. टिक, टिक, टिक. पत्र्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या तीन खळ्या ओळीनं उमटत. दुसरा माणूस वाक्य संपल्यावर पूर्णविराम देतो, हे तीन देत. त्यांची लेक लहान असताना सीटांच्या ढिगावर झोपायची, आणि ते तीन ठोके ऐकले की जागी व्हायची, कारण त्यानंतर जेवण असायचं. ती इतकी काटकुळी होती की तिला सगळे टाचणी म्हणत.

तर ही टाचणी अठरा वर्षांची झाली. लायसन्स खिशात आलं. आणि खडीच्या खाणीवरच्या प्रयोगशाळेत तिला नोकरीही लागली. खाण चाळीस किलोमीटरवर. सकाळी सहाला हजर व्हायचं आणि त्या वेळी बस नाही. सोमवारी रुजू व्हायचं होतं. म्हणजे गाडी हवी, आणि सोमवारच्या आत हवी.

अडचण एकच होती. खाणीचा रस्ता डंपरांचा. मिस्त्रींच्या शेडमध्ये येणाऱ्या गाड्यांतल्या निम्म्या त्याच रस्त्यावरून यायच्या. ज्या रस्त्यानं इतकी वर्षं घर चालवलं, त्याच रस्त्यावर आता लेक गाडी चालवणार होती. मिस्त्रींचं अन्नपाणी तुटलं. डोळे मिटले की त्यांना एकच दिसे, पुतणीला दिलेला तो सल्ला बायको स्वतःच्याच लेकीच्या सीटवर वापरतेय.

त्यांनी दोन आठवड्यांत चौदा गाड्या नाकारल्या. नाकारल्या म्हणजे नुसतं नको म्हणाले असं नाही. एका छोट्या लाल गाडीवर टाचणीचा जीव जडला होता. मिस्त्रींनी तिच्या दारावर अशी लाथ घातली की दार आत गेलं ते आतच राहिलं.

"अहो, काय करताय?" मालक ओरडला.

"मी लाथ मारली. डंपर लाथ मारत नाही," मिस्त्री म्हणाले. "हे दार आहे का पापड?"

दुसऱ्या एका गाडीच्या बंपरमधून त्यांची मूठ आरपार गेली आणि बाहेर येईना. मालक आणि मिस्त्री, दोघांनी मिळून ती सोडवली, आणि सुटल्याबरोबर मिस्त्रींनी तीच मूठ मालकाला दाखवली.

"बाबा, तुम्ही गाडी बघताय की सूड घेताय?" टाचणीनं विचारलं.

"तू गप्प बस. तुला रंग दिसतो, मला आतलं दिसतं."

"मला सोमवार दिसतोय," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी दोघं चकाचकशेठच्या आवारात गेले. जुन्या गाड्या विकणारा हा गृहस्थ नखशिखांत चकचकीत होता: टक्कल, बूट, दात. त्याची दोन माणसं दिवसभर पाइपनं गाड्या धूत असायची. मिस्त्री तिथं आले ते त्यांच्या गोधडीतून. गोधडी म्हणजे शेडची जुनी गाडी, मोडक्या गाड्या ओढून आणायची. हत्तीसारखी जड, आणि दार एका रंगाचं, टप दुसऱ्या रंगाचा, मागचं झाकण तिसऱ्याच. टाचणी शाळेत असताना एक गल्ली आधीच उतरायची.

"या मिस्त्री, या. आणि ताई, तुमच्यासाठी मी एक राखून ठेवलीय," शेठ म्हणाला. गाडी पांढरी होती, दुधात धुतल्यासारखी. "एकच मालकीण. बाई शाळेत जायच्या आणि यायच्या. तिसरा रस्ता या गाडीला माहीत नाही."

टाचणीचा चेहरा उजळला. मिस्त्रींनी बोटाचं पेर वाकवलं आणि बॉनेटपासून सुरुवात केली. अस्सल पत्रा टण वाजतो. रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरून चोपडलेलं असेल तर बद्द वाजतो, ओल्या लाकडासारखा. बॉनेट टण. पुढचं दार टण. खिडकीची चौकट टण. ड्रायव्हरच्या पाठीमागचा खांब, बद्द. मिस्त्री थांबले. टपावर हात नेला. त्याच रेषेत, बद्द. मग ते गुडघ्यावर बसले आणि दाराखालचा उंबरा ठोकला. बद्द.

ते उठले तेव्हा त्यांच्या मानेवरची शीर बोटाएवढी झाली होती.

"ही एक गाडी नाही," ते लेकीला म्हणाले. "दोन आहेत. एकीचं तोंड गेलेलं, दुसरीची पाठ गेलेली. मधोमध कापून चांगली अर्धुकं जोडलीत. ठोकर बसली की बरोबर तुझ्या पाठीमागून तुटेल. पाव मोडतो तशी."

"मिस्त्री, हळू बोला, गिऱ्हाइकं आहेत," शेठ म्हणाला.

मिस्त्रींनी हळू बोलण्याऐवजी शेठच्या तोंडावर ठोसा मारला. नाक मोडल्याचा आवाज आला. शेठ पांढऱ्या गाडीवरून घसरत खाली बसला आणि मागं लाल पट्टा ओढत गेला. मिस्त्रींनी त्याला कॉलर धरून पुन्हा उभा केला.

"कुण्या कसायानं जोडली ही? नाव सांग. त्याचे हात तोडतो मी आज."

"मला काय माहीत... तिसऱ्या हातानं आलीय..."

"सांग." दुसरा ठोसा बरगड्यांत बसला. "माझ्या पोरीला या तिरडीत बसवत होतास? सांग."

धुणारे दोघे पाइप टाकून धावत आले. एकानं मिस्त्रींच्या कमरेला मिठी मारली, ती त्यांनी कोपरानं सोडवली. त्याचा ओठ फाटला. मग लेकीला पुरावा दाखवायला म्हणून त्यांनी दार उघडून पायाखालचा गालिचा फाडून वर काढला. खाली शिवण होती. सरळ, एकसारखी, कुठं थेंब नाही, कुठं भोक नाही. इतक्या रागातही त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हरामखोरानं काम मात्र सफाईनं केलंय."

टाचणी वाकली. तिनं शिवणीवरून बोट फिरवत नेलं, शेवटपर्यंत. तिथं थांबली.

"बाबा," ती म्हणाली. "तीन ठोके."

ज्वारीच्या दाण्याएवढ्या तीन खळ्या. ओळीनं.

आपलेच दात, आपलेच ओठ. मिस्त्रींच्या हातातला गालिचा खाली पडला. नऊ वर्षांपूर्वी एक माणूस अर्धवट गाड्या घेऊन शेडमध्ये आला होता. ड्रायव्हिंग शाळेत नुसत्या दाखवायला हव्यात, रस्त्यावर येणार नाहीत, असं म्हणाला होता. मिस्त्रींनी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ठेवायचाच होता म्हणून ठेवला. मागच्या अर्धुकाच्या सीटखाली तेव्हा एक इवलासा बूट सापडला होता. तोही त्यांना आठवत होता. बायकोनं ती सीट दोनदा थंड पाण्यानं धुतली होती.

शेठनं नाक दाबून धरलं होतं. बोटांमधून रक्त ठिबकत होतं, पण ठोके कुणाचे ते त्यालाही कळलं होतं, आणि तो हसत होता. "तोडा की मिस्त्री. हात तोडणार होता ना? तोडा."

मिस्त्री गोधडीकडे गेले. मागचं झाकण उघडून घण काढला, लांब दांड्याचा. परत येऊन त्यांनी पांढऱ्या गाडीच्या टपावर, बरोबर बद्द वाजणाऱ्या रेषेवर, पहिला घाव घातला. काचा उडाल्या. दुसरा घाव खांबावर. लांबीचे ढलपे पोपडे सुटावेत तसे उडू लागले. उंबऱ्यावर घाव घालताना ते दरवेळी "हं" म्हणत, आपल्याच बरगड्यांत बसल्यासारखं. फाटक्या ओठाच्या माणसानं कुठूनतरी लोखंडी नळी आणली आणि घणाच्या दांड्यावरच्या मिस्त्रींच्या डाव्या हातावर घातली. हाडं मोडल्याचं सगळ्यांना ऐकू गेलं.

मिस्त्रींनी हाताकडे बघितलं. बोटं भलत्या दिशेला गेली होती. "एक झाला," ते म्हणाले, आणि उजव्या हातानं घण उचलू लागले.

नळी पुन्हा वर गेली, पण खाली आली नाही. टाचणीनं गोधडीतला जॅकचा दांडा घेतला होता आणि तो त्या माणसाच्या गुडघ्यावर बसला होता. तो कोलमडला. दुसरा पुढं सरकला.

"ये," टाचणी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याला भाव विचारावा तसा. "माझ्या बापाचं काम अर्धं राहिलंय. ते होईपर्यंत मी इथंच आहे. ये ना."

तो आला नाही. मिस्त्रींनी एका हातानं काम पुरं केलं. शेवटच्या घावाला गाडी कण्हली आणि मधून खचली. मागचं अर्धुक धुळीत बसलं. सांधा उघडा पडला, आणि आजूबाजूची गिऱ्हाइकं आपापल्या पसंतीच्या गाड्यांपासून चार चार पावलं मागं सरकली.

बापाला गोधडीत कोंबून टाचणी चाकावर बसली. तिनं गाडी मागं घेतली आणि आवाराच्या फाटकाच्या खांबावर घातली. खांब वाकला. गोधडीच्या डाव्या कुशीत परातीएवढा खड्डा पडला.

"ठोकलीस," मिस्त्री म्हणाले. मोडक्या हातातून रक्त गळत होतं.

"ठोकली."

"पहिल्याच दिवशी."

"तुमचीच लेक आहे."

थोडं अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "अशा किती केल्यात?" मिस्त्री नसलेला ब्रेक पायानं दाबत राहिले. इस्पितळाच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बोलले, "तीन."

"म्हणजे दोन अजून फिरताहेत. कुणाकुणाच्या पोरांना घेऊन."

"हो."

हाताला प्लास्टर चढल्यावर मिस्त्री स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात गेले आणि तिन्ही गाड्यांचं सांगितलं. शेडला काही महिने कुलूप लागलं. सोमवारी पहाटे टाचणी कामावर गेली ती गोधडी घेऊनच. तिचा प्रत्येक पत्रा मिस्त्रींनी चारदा ठोकून ठेवलेला होता, आणि तो सगळीकडे टण वाजत होता. एवढी वर्षं ती गाडी दारात उभी असताना ते गावभर लाथा मारत हिंडले, हे बायकोनं त्यांना रोज एकदा तरी ऐकवलं.

फक्त तो डावीकडचा खड्डा. मिस्त्री पहिल्याच आठवड्यात हातोडी घेऊन खाली आले, तर टाचणी आडवी आली. "हात लावायचा नाही. त्या दोन सापडेपर्यंत तो तसाच राहील."

दुसऱ्याचा खड्डा बघितला तरी ज्याची बोटं शिवशिवतात, त्या माणसाला ही शिक्षा. दर रविवारी बाप-लेक बाहेर पडतात. टाचणी चालवते, मिस्त्री उभ्या गाड्या पेरानं ठोकत जातात आणि लोकांच्या शिव्या खातात. अकरा महिन्यांनी एक सापडली, एका न्हाव्याच्या दुकानासमोर. मिस्त्रींनी त्याला सगळं सांगितलं, इवल्या बुटासकट. त्याची दोन पोरं मागच्या सीटवर बसून भांडत होती. न्हाव्यानं मिस्त्रींच्या कानाखाली काढली.

"अजून मारा," मिस्त्री म्हणाले, "पण पोरांना आधी खाली उतरवा."

न्हाव्यानं पोरांना उतरवलं, आणि मग मारलं. पोटभर मारलं. मिस्त्रींचा हात एकदाही उठला नाही. दुपारी दोघांनी मिळून ती गाडी कापली, आणि संध्याकाळी न्हाव्यानं मिस्त्रींच्या सुजलेल्या तोंडाची दाढी करून दिली.

तिसरी अजून सापडलेली नाही. गोधडीच्या कुशीतल्या त्या खड्ड्याच्या कडेला आता गंज धरायला लागलाय. रविवारी सकाळी मिस्त्री टाचणीच्या आधी खाली येतात, खड्ड्यासमोर उकिडवे बसतात. बसता बसता वाकडी जुळलेली डावी बोटं आपसूक पत्र्याकडे जातात.

"बाबा," जिन्यावरून आवाज येतो.

हात मागं येतो.

"बसा गाडीत. निघायचंय."