न धुतलेला फवारणी पंप

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एक शेतकरी सकाळीच तक्रार घेऊन आला. त्याची दोन एकर कपाशी चार दिवसांत आकसली होती. कुणीतरी मुद्दाम औषध मारलं, असं त्याचं म्हणणं.

दुपारी त्याचा शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, त्याच्या चुलतभावाला रानात पंप घेऊन जाताना म्या बगितलं. माझं नाव घेऊ नका." भावांचा बांधाचा वाद आमच्या दप्तरी होताच. मला आयता आरोपी मिळाला.

चुलतभावाला बोलावून रात्रीपर्यंत बाकावर बसवलं. येणारे-जाणारे बघत होते. "साहेब, बांधावरून भांडलो, पर पिकाला कशापायी मारू? म्या न्हाई केलं," एवढंच तो सांगत राहिला. मी त्याच्या कानाखाली लगावली. वयानं माझ्या थोरल्या भावाएवढा माणूस. तरी कबूल होईना, तेव्हा 'बेरकी आहे' असं मी हवालदाराला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला त्यालाही जीपमधून नेलं. पंच म्हणून तोच शेजारी उभा. सोबतच्या कृषी सहायकानं पानं पाहिली. "हे तणनाशकाचं काम आहे. शेवटची फवारणी कुणी केली?"

"मीच. मावा पडलता, म्हणून माझ्याच पंपानं औषध मारलं," तक्रारदार म्हणाला.

"त्याआधी पंप कुणाला दिला होता?"

तक्रारदार शेजाऱ्याकडे बघायला लागला. शेजाऱ्यानं उसातल्या तणासाठी पंप मागून नेला होता आणि न धुताच परत केला होता. "लई लाज वाटली साहेब," तो रडत म्हणाला, "म्हणून दुसऱ्याचं नाव घेतलं." पंचनाम्याला जमलेल्या साऱ्या गावासमोर त्यानं चुलतभावाचे पाय धरले. मी चुलतभावाला फक्त "जा आता घरी" म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.

खबर देणाऱ्याचा त्या प्रकरणाशी काय संबंध आहे, हे आधी तपासावं, असं मी पुढं प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवलं. हे कुठून शिकलो ते मात्र कधी सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर तेलगावच्या बाजारात तो चुलतभाऊ दिसला. मी तोंड चुकवत होतो, पण त्यानंच हाक मारली, चहाला नेलं, तब्येतीची चौकशी केली. चहा संपला. मी रामराम केला आणि उठलो. माफीचा शब्द तोंडातून निघाला नाही.