पाण्यातला होडीएवढा खड्डा

शमाताईच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर असायचे, आणि त्यांच्यामधून कुणी हात जरी घातला तरी ती ओरडायची, "मधसून हात घालू नको गो, बोलतत ती!" आता वायफायवर बोलणाऱ्या लॅपटॉपांना माझ्या हाताचा काय त्रास? पण खरंच सांगते, मीही हात मागे घ्यायचे!

एकात समुद्राचा प्रोग्राम, दुसऱ्यात होडीचा. पाणी होडीला ढकलणार, होडी वाकणार, वाकलेली होडी पुन्हा पाणी वळवणार. म्हणून क्षणाक्षणाला दोघांनी एकमेकांना निरोप द्यायचा. "पाण्याक होडी म्हायत नाय, होडीक पाणी म्हायत नाय," ती म्हणायची. "आपण नुसती ओळख करून देवची." मुंबईची नोकरी सोडून ती मालवणात घरूनच जहाजांची कामं करायची. मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिच्याकडे जायचे. पण ही होडी कुठल्या कंपनीची नव्हतीच. तिच्या वडिलांची होती.

वडील तांडेल, होडी त्यांच्या शब्दावर चालायची. वादळात त्यांनी ती बंदराकडे वळवली आणि बुडाली. ते गेले, सोबत शेजारच्या पार्वतीकाकीचा मुलगा दिगू गेला. सरळ खोल पाण्यात गेले असते तर वाचले असते, असं सगळा गाव म्हणायचा. काकी सगळ्यात जास्त.

वळवलेली होडी प्रोग्राममध्येही अकराव्या मिनिटाला फुटली. मग ताईने ती न वळवता सरळ सोडली. तास झाला तरी समुद्राच्या स्क्रीनवर पाणी आपलं होडीच्या आकाराभोवती फिरतंय! "म्हणजे बापूसच चुकलो," ताई म्हणाली, आणि अनवाणीच काकीकडे निघाली. माफी मागायला.

भर दुपार. मी एकटी. आणि मला एकदम वाटलं, दुसरा लॅपटॉप फारच गप्प आहे. बघते तर होडीचा प्रोग्राम कधीच बंद! अकराव्या मिनिटालाच होडी फुटलेली. पण पाण्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटचा निरोप धरून ते नसलेल्या होडीभोवती फिरत होतं. मध्ये होडीएवढा खड्डा, आणि त्यात कुणीच नाही. मी टेबलाला वळसा घालून पळत सुटले.

काकीच्या पडवीत ताई सगळं सांगून मान खाली घालून उभी.

"ताई, सरळ गेलेली पण फुटली! अकरालाच! पाणी उगाच फिरत होतं!"

काकी समुद्राकडे वळली.

"म्हंजे खंयच वाट नव्हती?" ती म्हणाली. "इतकी वर्सा तुझ्या बापाशीक गाळी घालतंय. आता कोणाक घालू गो?"

"त्येकाच घाल, काकी," ताई हळूच म्हणाली. "आता गाळी बंद केलंस तर थंय वाट बघीत रवात बापूस."

काकी उठली, पडवीच्या टोकाला गेली, आणि समुद्राकडे तोंड करून शिव्या द्यायला लागली. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखं करायची, आणि मग पुढची शिवी घालायची.