मेंढरं बसवलेलं वावर

आज जपाला बसले, पण मन लागलं नाही. सोजरबाईच डोळ्यांसमोर येत राहिल्या.

चाकणच्या पलीकडे, कंपन्यांच्या शेड संपतात तिथे आमची दोन वावरं आहेत. एक ओढ्याकाठचं, काळं. दुसरं वरचं, मुरमाड. आम्ही राहतो शहरात, संत तुकाराम नगरात. शेती करतात सोजरबाई, निम्म्या वाट्याने. साठीच्या बाई, काटक, खुरपं हातात असलं की मान वर करायच्या नाहीत. त्यांच्या सासऱ्यांची जमीन रस्त्यात गेली, पैसे दिरांनी घेतले. विधवेचं नाव सातबाऱ्यावर लागलंच नव्हतं.

आमच्या घरची एक पद्धत आहे. पाडवा आला की सोजरबाईंना एका वावरातून उठवून दुसऱ्यात घालायचं, आणि सुटलेलं वावर आमच्या दुसऱ्या वाटेकऱ्याला, कोंडीरामला द्यायचं. एकाच जागी कोणी वर्षानुवर्षं कसलं तर कूळ लागेल, जमीन हातची जाईल, ही माझ्या सासऱ्यांची धास्ती. ह्यांनी ती जपली.

गेल्या साली ओढ्याकाठचं वावर सोजरबाईंकडे होतं. माघात त्यांचा फोन आला. "वहिनी, कांदा निघाला, रान मोकळं हाय. मेंढरंवाले आलेत. चार रात्री मेंढरं बसवावी म्हणते. लेंडीखत दोन-तीन सालं जमिनीला पुरतं. बसवू का?"

त्या खताचं विचारत नव्हत्या. पाडव्यानंतरही हे वावर माझ्याकडे ठेवाल का, असं विचारत होत्या. मला ते कळलं होतं. तरी मी म्हणाले, "बसवा की." खत शेवटी आपल्याच जमिनीत जातंय, हेही तेव्हाच मनात आलं होतं. देवापुढे बसून हे आठवलं की मान खाली जाते.

त्या चार रात्रींच्या बदल्यात मेंढरंवाल्यांना सोजरबाईंनी घरातली बाजरी मोजून दिली.

पाडव्याला आम्ही गावी गेलो. गुढी झाली, नैवेद्य झाला. ओट्यावर कोंडीरामशेजारी बसून हे म्हणाले, "आक्का, यंदा वरचं घ्या."

"वरचं? नंदूभाऊ, वहिनीला इचारूनच मेंढरं बसवली म्या."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला. "मी मेंढरांना हो म्हटलं. वावराचं मी कशी ठरवणार?"

"व्हय," सोजरबाई म्हणाल्या. "मेंढरं काय ढगात बसवायची व्हती?"

कोंडीराम हसला, हेही हसले आणि म्हणाले, "आक्काचं तोंड म्हणजे विळा. अहो, पुढच्या साली खालचं तुमचंच."

"पुढल्या साली कोंडीराम ताट चाटून देईल, मंग मी बसते जेवायला."

एवढंच बोलून त्या पुरणपोळ्या पदराखाली घेऊन निघून गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

श्रावणात वावरावर गेले. खाली कोंडीरामचं सोयाबीन गर्द माजलेलं. वर सोजरबाईंची बाजरी विरळ, पिवळी. शेणाची एकही पाटी टाकलेली नव्हती. बांध फुटला होता, तोही तसाच. हीच बाई पूर्वी वाहून आलेली माती पाटीने भरून परत बांधाला लावायची.

"बांध घातला नाही का?" मी विचारलं.

"वर्साचं रान, वहिनी, वर्साचंच करायचं. बांध घालीन मी, आन् पुढल्या साली पाणी मुरंल कोंडीरामच्या पिकाला."

परतताना गाडीत हे म्हणाले, "आक्का आळशी झाली. पाडव्याला माणूस बदलू." आळशी नाही हो, आपण तिला असं केलं, एवढं बोलायचं होतं. मोशी येईपर्यंत मी शब्द जुळवत राहिले. मोशी गेली, भोसरी गेली, घर आलं.

आज सकाळी ह्यांनी परभणीकडच्या एका जोडप्याशी बोलणं पक्कं केलं. सोजरबाईंना कळवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. "तुझं ऐकतात त्या," असं म्हणाले आणि कामावर गेले.

दुपारी सोजरबाईंचाच फोन येऊन गेला. मी उचलला नाही.